चौथ्या मजल्यावरच्या प्रमिलाताई

प्रमिलाताई वाघमारेंना व्हिडिओ गेम खेळता यायचे नाहीत. दहा वर्षं त्यांनी गेम तपासण्याचं काम केलं, पण त्या दहा वर्षांत एखादा गेम त्यांनी शेवटपर्यंत नेल्याचं मला आठवत नाही. पडद्यावर राक्षस आला की त्या कंट्रोलर शेजारी बसलेल्याच्या हातात द्यायच्या, "तू मार ह्याला, मी तवर चहा घेते" म्हणायच्या, आणि राक्षस मेला की कंट्रोलर परत मागून घ्यायच्या. जिंकण्यात त्यांना काडीचाही रस नव्हता. त्यांना भिंती बघायच्या असायच्या.

हे जरा समजावून सांगायला हवं. हैदराबादेत हिमायतनगरच्या मोठ्या रस्त्यावर साड्यांच्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. परदेशातल्या कंपन्या गेम बनवत, आणि ते बाजारात जाण्याआधी त्यांत काय काय बिघडलेलं आहे ते आम्ही शोधून कळवत असू. लोकांना वाटायचं की आम्हाला खेळायचा पगार मिळतो. माझे सासरे तर जावई काय करतात असं कोणी विचारलं की "कॉम्प्युटरमध्ये आहेत" एवढंच सांगून विषय बदलायचे. खरं काम असं होतं की एकच दार चारशे वेळा उघडायचं आणि चारशे एकाव्या वेळी ते उघडलं नाही तर तसं लिहून द्यायचं. आम्ही बहुतेक जण बावीस-तेवीस वर्षांचे, गेमचे वेडे म्हणून या नोकरीत आलेले होतो आणि सहा महिन्यांत आमचं वेड उतरलेलं होतं.

ताईंना मुळात वेड नव्हतंच, त्यामुळे उतरायचा प्रश्न नव्हता. गेमचा नायक शहर वाचवायला निघालेला असायचा. ताई त्याला शहराच्या एका कोपऱ्यात न्यायच्या आणि भिंतीला अंग घासत चालवायच्या. सकाळी साडेनऊला सुरू केलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक गल्ली. मागून खलनायक ओरडतोय, शहर जळतंय, घड्याळ टिकटिक करतंय, आणि आमचा नायक एका हातानं भिंत चाचपत गल्लीबोळ फिरतोय. एकदा असाच तो एका देवळामागच्या भिंतीतून आरपार गेला आणि खाली पडतच राहिला. ताईंनी मला हाक मारली. "विलास, हिकडं ये. बघ, खाली बी आभाळच आहे." बराच वेळ आम्ही दोघं त्या माणसाला पडताना बघत बसलो. ती भिंत नंतर दुरुस्त झाली. ज्यांनी तो गेम विकत घेतला त्यांना यातलं काही कळलं नाही.

त्या या कामाला आल्याच नव्हत्या. आल्या होत्या टायपिंगला. मुलं चुका शोधायची, वहीत काहीतरी खरडायची आणि ताई ते इंग्रजीत नीट टाइप करून परदेशी पाठवायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक हट्ट धरला. जो चूक लिहून आणील त्यानं ती आधी त्यांच्यासमोर करून दाखवायची. दाखवता आली नाही तर टाइप करणार नाही. मुलं वैतागली. पण तिकडून "तुम्ही सांगता तशी चूक इथे होत नाही" अशी पत्रं यायची, ती बंद झाली. आमचे व्यवस्थापक मूर्ती सर हा माणूस हिशेबी असला तरी डोळस होता. त्यांनी टाइपरायटरसारखा तो कीबोर्ड ताईंच्या पुढून उचलला आणि कंट्रोलर ठेवला.

ऑफिसातली तेलुगू मंडळी त्यांना अक्का म्हणत, जुन्या शहरातली मंडळी आपा म्हणत, आणि मी एकटाच ताई. तिन्ही हाकांना त्या "हौ" म्हणूनच ओ द्यायच्या. त्यांचे वडील रेल्वेच्या कारखान्यात होते. मूळ गाव नांदेडकडचं. छप्पन साली राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा दुसऱ्या राज्यात गेला, आणि नोकरी इथं म्हणून वडील इथंच राहिले. तारनाक्याला त्यांचं लहानसं घर होतं, त्यात आता ताई, त्यांची आई आणि शिकायला आलेली एक भाची. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आमच्या आजोबांनी उदगीरकडची शेती भावांवर सोडून सुलतान बाजारात कापडाचं दुकान टाकलं होतं. घरात मराठी, पण माझी शाळा इंग्रजी, गल्ली तेलुगू, दुकान दखनी उर्दू. मराठी मला बोलता छान यायची. वाचायची म्हटलं की अक्षराखाली बोट धरावं लागायचं. ताईंना ते कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, पण त्या दिवसापासून डब्याच्या वेळी त्या माझ्यासमोर मराठी पेपरची एक घडी ठेवू लागल्या. भाकरीचा एक घास, बातमीची एक ओळ. त्यांच्या डब्यात अंबाडीची भाजी असली की समोरचे तेलुगू सहकारी "गोंगूरा, गोंगूरा" करत हात पुढे करायचे, आणि माझी बातमी अर्धीच राहायची.

त्यांची एक लांब रेघी वही होती. सापडलेली चूक त्या आधी तिच्यात मराठीत लिहायच्या आणि मग इंग्रजी करायच्या. "पयलं मराठीत लिवलं की माझं मला पटतं," असं त्यांचं म्हणणं. आणि तिथं त्यांची ती प्रसिद्ध ओळ असायची. आम्ही सगळे चूक कशी घडवून आणायची ते पायरी एकपासून लिहायचो. ताई पायरी शून्यपासून. पायरी शून्य: दोन्ही हात पुसा, शंभरपर्यंत मोजा. मिरची भजी खाऊन तेलकट बोटांनी बटणं दाबणारी आणि घाईघाईनं "होत नाही, होत नाही" म्हणणारी मंडळी त्यांनी पुष्कळ पाहिली होती. एक मुलगा त्यांना "अक्का, पूजा चालू है क्या?" असं चिडवायचा. ती ओळ इंग्रजीतही तशीच जायची. तिकडून एकदा विचारणा आली, हात कोणत्या कापडानं पुसायचे. ताईंनी अत्यंत गंभीरपणे उत्तर पाठवलं: सुती.

अशी आमची आठ-नऊ वर्षं बरी गेली. मग नव्या पिढीची मशीनं आली.

गेमची मशीनं बनवणाऱ्या दोन बड्या कंपन्यांचं आपसात हाडवैर. दोघींनी आपापलं नवं मशीन एकाच मोसमात बाजारात आणायचं ठरवलं आणि दोघींसाठी येणारे गेम तपासायचं काम आमच्याकडे आलं. कामाबरोबर अटींचं बाड आलं. एका कंपनीचं काम करणाऱ्यानं दुसरीचं काम करणाऱ्याशी कामाबद्दल बोलायचं नाही. कागद इकडचा तिकडे जायचा नाही. कंपनीचं नावसुद्धा ऑफिसात घ्यायचं नाही. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या आणि पूर्वी बायका नवऱ्याचं नाव टाळत तसं बोलू लागलो. एका कंपनीला तिसरा मजला मिळाला, ते "खालचे". दुसरीला चौथा मजला, ते "वरचे". माणसंही वाटली गेली. खालच्यांचा प्रमुख मी झालो, आणि वरच्यांच्या ताई.

दारांना जाड पडदे लागले. फोन बाहेर खणात ठेवायचे. जेवणाच्या वेळासुद्धा अर्ध्या तासानं पुढेमागे केल्या, म्हणजे कँटीनमध्ये भेट नको. माझं मराठी वाचन त्या दिवशी थांबलं. ताई जिन्यात भेटल्या की "जेवलास का?" विचारायच्या आणि मी "हौ" म्हणायचो. एवढंच बोलणं अटींत बसत होतं.

बाहेर तेव्हा राज्याच्या वाटणीचा धुरळा उठलेला होता. एक दिवस बंद, एक दिवस मोर्चा. बस नसली की ताई तारनाक्याहून हिमायतनगरपर्यंत पायी यायच्या. ऑफिसातही दोन तट पडले होते, आणि कालपर्यंत एका ताटात जेवणारी माणसं हैदराबाद कोणाचं यावरून एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. कोणीतरी ताईंना विचारलं, तुम्ही कोणत्या बाजूच्या? ताई म्हणाल्या की आमच्या घरात ते एकदा होऊन गेलंय, अर्धे नांदेडला गेले, अर्धे इथं राहिले, आता काका वारल्याची खबरसुद्धा दोन दिवसांनी येते.

मूर्ती सरांनी जिन्यात एक पाटी लावली. वरच्यांचे किती गेम पहिल्या झटक्यात मंजूर झाले, खालच्यांचे किती. कोणी उघड बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं की हा मोसम संपला की दोनांतला एकच मजला ठेवणार आहेत. वरच्या मजल्यावर तेवीस माणसं होती, खालच्या मजल्यावर पंचवीस. पाटीवर आम्ही पुढे होतो, कारण आमच्याकडे ताई नव्हत्या. ताईंच्या हाताखालून गेम लवकर सुटायचाच नाही. त्यांच्याच मजल्यावरची माणसं कुरकुरायला लागली होती की अक्कांमुळे आपली नोकरी जाणार. मला ते ऐकून बरं वाटायचं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटायचं.

आणि मग तो लहान मुलांचा गेम आला. दोन्ही मशीनांसाठी एकच गेम, दोन्ही मजल्यांवर एकाच वेळी. बेट, होडी, प्राणी, घर बांधायचं, बाग लावायची, असं महिनोन्‌महिने चालणारं प्रकरण. नव्या मशीनांचं एक कौतुक असं होतं की ती पुरती बंद व्हायची नाहीत. बटण दाबलं की झोपायची, आणि उठवलं की जिथं सोडलं तिथून पुढे. तिकडे बसून हे ज्यांनी तपासलं त्यांच्या घरी लाईट जात नसावी. ताईंच्या घरी रोज जायची. ताईंनी काय केलं, मशीन झोपवलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. लावलं, बंद केलं. दोन दिवस स्टूल टाकून त्या भिंतीपाशी बसून होत्या. पाच-सहा वेळा काही व्हायचं नाही, आणि मग एकदा मशीन उठायचं ते कोरं. बेट नाही, बाग नाही, मुलाचं नावसुद्धा नाही. सगळं पुसलेलं.

त्यांनी कळवलं. वरच्या कंपनीकडून उत्तर आलं की अशी परिस्थिती क्वचितच येते, नोंद घेतली आहे, गेम ठरल्या दिवशीच निघेल. ताईंनी पुन्हा कळवलं. पुन्हा तेच उत्तर, जरा कडक शब्दांत. हे मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की पाटीवर वरच्यांचा आकडा हललेला नाही.

एका दुपारी त्यांची जेवणाची वेळ संपत होती, आमची सुरू होत होती. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर ताई उभ्या होत्या. त्यांनी वहीचं घडी घातलेलं एक पान माझ्यापुढे धरलं.

"तुज्या मशीनवर बी हेच होयलंय का बघ."

मी म्हणालो, "ताई, आपण बोलायचं नाही. सही केलीय."

"मी कुठं बोलायले? वाच म्हणायले." मग त्या थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "एकानं अडवलं तर दुसरा पुढं जातो, म्हणून दोघं बी अडवीनात. दोघांकडनं गेलं तर त्यांना थांबावंच लागतंय. लेकरांचं आहे रे ते. महिनाभर बाग लावतील आन् एका सकाळी काहीच नसंल."

त्यांच्या मजल्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट होती ती. चूक आम्ही पकडली असं दिसलं असतं तर आमच्या मजल्याचं वजन आणखी वाढलं असतं. मी ते त्यांना म्हटलं. त्या म्हणाल्या, "माहीत हाय." आणि वर निघून गेल्या.

मी करून पाहिलं. आमच्या मशीनवरही तेच. सातव्या वेळी सगळं कोरं झालं. मग मी त्यांचं पान पुढ्यात घेऊन अहवाल लिहायला बसलो. ताईंचं अक्षर बारीक, माझं वाचन तसलं. एकेका अक्षराखाली बोट धरून, एकेक ओळ इंग्रजी करत मी पूर्ण पान उतरवलं. शेवटी मला स्वतःचं कौतुक वाटलं की एवढं मराठी मी एकट्यानं वाचलं, एक ओळ सुटू दिली नाही. खरोखरच सुटली नव्हती. पायरी शून्य: दोन्ही हात पुसा, शंभरपर्यंत मोजा.

ज्याला मराठी सराईतपणे वाचता येतं त्यानं मतलब उचलून आपल्या शब्दांत लिहिला असता. मी अडखळणारा, म्हणून इमानदार. आणि ती ओळ माझ्या इतकी ओळखीची की ती वेगळी आहे हेच मला दिसलं नाही.

दोन वैरी कंपन्यांकडून एकच तक्रार गेल्यावर गेम बनवणाऱ्यांना थांबावं लागलं. गेम तीन आठवडे पुढे गेला, चूक दुरुस्त झाली, आमच्या मजल्याचं नाव झालं. मूर्ती सरांनी लाडू वाटले. आणि मग तिकडच्या कोणाच्या तरी लक्षात आलं की दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावानं आलेल्या दोन अहवालांत हात पुसायची तीच ओळ आहे. दोन्ही कंपन्यांनी मूर्ती सरांकडे खुलासा मागितला.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले होते. सर माझ्याकडे बघत नव्हते, कागदाकडे बघत होते. म्हणाले, "विलास, ये लाइन तुम लिखे ना? अक्का के साथ इतने साल काम करे, वोइच आदत पड़ गई. है ना?"

आज मला ते वाक्य शब्दन्‌शब्द आठवतं. त्या माणसानं प्रश्नही विचारला होता आणि उत्तरही माझ्या हातात ठेवलं होतं. मला फक्त "हौ सर" म्हणायचं होतं. ते धड खोटंही नव्हतं. आठ वर्षं मी ती ओळ वाचत होतो, ती माझ्या हातात उतरली असं म्हटलं असतं तर कोणीही मानलं असतं. सर खुलासा लिहून मोकळे झाले असते.

पण मी घाबरलो होतो. माझ्या डोक्यात एकच होतं, की हे लोक म्हणतील मी वरच्या मजल्यावर जाऊन चोरी केली. सर काय म्हणतायत ते माझ्या कानांत शिरलंच नाही. मी चोर नाही हे दाखवायला मी खिशात हात घातला आणि तेव्हापासून तिथंच असलेलं ताईंचं पान काढून टेबलावर ठेवलं. "सर, मी वर गेलो नव्हतो. त्यांनीच दिलं."

सरांनी त्या पानाकडे पाहिलं. त्यांना मराठी येत नव्हतं, पण अक्षर कोणाचं ते साऱ्या ऑफिसला ठाऊक होतं. बराच वेळ त्यांनी ते हातात घेतलंच नाही. मग म्हणाले, "कायको दिखाए रे?" आणि मला जायला सांगितलं.

ताईंना बोलावलं. नंतर सरांच्या टायपिस्टनं सांगितलं की ताईंनी एका वाक्यात कबूल केलं, मैं दी, आणि कोणाला दिलं, कसं दिलं यावर दुसरा शब्द बोलल्या नाहीत. सरांनी सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला, पण आता कागद समोर आला होता आणि कंपन्यांना कोणीतरी एक नाव हवं होतं. जेवणाच्या आधी त्यांचं आवरून झालं. मी जिन्यातच उभा होतो. ताई पिशवी घेऊन उतरल्या. माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "तुमच्याकडं आता टिकायलंय का सगळं? लाईट गेली तर?"

"टिकतंय," मी म्हणालो.

"बरं झालं," म्हणाल्या आणि खाली गेल्या.

दोन्ही मशीनं बाजारात आली आणि दोन्ही खपली. कोण जिंकलं यावर पोरं अजून भांडतात. राज्य वेगळं झालं तेव्हा आमच्या रस्त्यावर दिवसभर फटाके वाजले. चौथा मजला बंद झाला, तिथली निम्मी माणसं आमच्याकडे आली, पडदे काढले, जेवणाची वेळ पुन्हा एक झाली. ताईंच्या जागी कोणी आलं नाही. आमच्या धंद्यात ऑफिसं मोजकी, आणि नवीन ठिकाणी जाताना जुन्या ठिकाणाहून पत्र मागतात. ताईंचं पत्र कसं असणार ते सांगायला नको. युनिव्हर्सिटीजवळच्या एका दुकानात त्या विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करतात असं ऐकलं. दहा वर्षांपूर्वी टायपिंगपासून सुरुवात केली होती, तिथंच परत, असं मनात आलं आणि मी ते दुसरीकडे वळवलं.

वर्ष होत आलं तेव्हा एका रविवारी मी तारनाक्याला गेलो. माफी मागायला गेलो होतो. बसमध्ये वाक्यं पाठ केली होती. दार ताईंनीच उघडलं आणि त्यांना इतका आनंद झाला की माझी पाठ केलेली वाक्यं दारातच राहिली. घरात त्यांची आई पलंगावर बसलेली होती, आणि भाची जमिनीवर बसून गेम खेळत होती. तोच, बेटाचा. ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आई, हा विलास. मी सांगत होते ना, लाईट गेली की खेळ पुसून जायचा, ते ह्यानंच पकडलं."

भाचीनं खेळ थांबवून माझ्याकडे आदरानं पाहिलं. आईंनी मला जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या की कंपनीची वाटणी झाली, वरचा मजलाच काढून टाकला, त्याला कोण काय करणार, पण तुमच्यासारखी चांगली माणसं होती म्हणून माझी लेक एवढी वर्षं तिथं टिकली. घरात ताईंनी हे सांगितलं होतं. मी ताईंकडे पाहिलं. त्या चहा गाळत होत्या.

त्या क्षणी मला सांगता आलं असतं. ते पकडलं ते तुमच्या लेकीनं, आणि तिला घालवलं मी, एवढी दोन वाक्यं. मी चहा घेतला. बिस्किट घेतलं. भाचीनं तिची बाग दाखवली, ती बघितली आणि छान आहे म्हणालो. ज्या घरात ते खरं कळायला हवं होतं त्या घरातून मी दुसऱ्याचं श्रेय घेऊन उठलो.

ताई मला स्टॉपपर्यंत सोडायला आल्या. दुपारची वेळ, रस्त्यावर फारसं कोणी नव्हतं. त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, मराठी वाचतोस का विचारलं. मी वाचतो म्हणालो. तेवढं मात्र खरं होतं. त्या गेल्यापासून मी रोज वाचत होतो, आता बोटाशिवाय. मग मी धीर करून म्हणालो, "ताई, त्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये..."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या ऐकत होत्या. घाई नव्हती, अडवत नव्हत्या, नीट कान देऊन ऐकत होत्या. तेवढ्यात बस आली.

"बस आली," मी म्हणालो.

"ही तुझी न्हाई रे," ताई म्हणाल्या. "ही मेहदीपट्टणची. तुझी मागनं येईल."

"चालते की," म्हणालो आणि चढलो.

बस सुटली. मी मागच्या काचेतून पाहिलं. खरंच, आमच्या पाठोपाठ माझी कोठीची बस येत होती, रिकामी. ताईंनी ती थांबवायला सवयीनं हात वर केला होता. बस त्यांच्यापाशी थांबली. ताईंनी ड्रायव्हरकडे पाहिलं, आमच्या बसकडे पाहिलं, आणि कोणी नाही अशी मान हलवून तिला पुढे जायला सांगितलं.